वडवणीची पोटुशी

आमच्या बीडच्या घरात पुढच्या खोलीत दादांची कचेरी होती, तिथे उर्दू चालायची. मागे स्वयंपाकघरात आत्याची मराठी. मधल्या अंधाऱ्या खोलीत मी राहत असे आणि तिथे कुणीच काही बोलत नसे. सकाळी पहिला आवाज आत्याच्या भाकरीचा. परातीत तळहात पडायचे, ते थांबले की भाकरी तव्यावर गेली असं समजायचं, आणि थोड्या वेळानं ज्वारीचा भाजका वास माझ्यापर्यंत यायचा. त्याच सुमारास पुढे चपराशी दादांना कुठल्याशा पुलाचं काय झालं ते अदबीनं सांगत असे. दादा म्हणजे माझे वडील, निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. त्या खात्याला सगळे तामीरात म्हणत. रस्ते, शाळा, दवाखाने, सगळं त्यांच्याकडे. आई मला आठवत नाही. ती गेल्यावर दादांनी मला सिकंदराबादला नन्सच्या शाळेत ठेवलं आणि आपल्या विधवा बहिणीला घर सांभाळायला आणलं. त्यामुळे मी सुट्टीत जिथे यायची ते घर माझ्याशिवाय नीट चालायला शिकलेलं होतं. मी आले की त्याला थोडं अडखळल्यासारखं व्हायचं. माझं ताट कुठे मांडायचं, मला काय आवडतं, हे दर खेपेला नव्यानं ठरायचं.

शाळेत सगळं इंग्रजीत. मराठी मी दादांच्या पत्रांतून आणि पुस्तकांतून शिकले, म्हणून ती छापल्यासारखी होती. आत्याकडे दुपारी बायका निवडण-टिपण घेऊन बसायच्या, त्यांच्यात मला बसवलं की मी सूप धरून गप्प. एकदा एकीनं विचारलं, "ही बोलती का न्हाई गं?" आत्या म्हणाली, "बोलती की. आधी मनात लिहून काढती, मग बोलती. तवर तुमी घरी गेलेल्या असता." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण त्यानंतर दुपारी मी मधल्या खोलीतच थांबू लागले. आत्याला ते कळत होतं. ती माया बोलून दाखवणाऱ्यांतली नव्हती, ती येसराच्या, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाच्या आमटीत माझ्यासाठी तिखट कमी घालायची, आणि दादांनी कुरकुर केली की म्हणायची, "तुमाला लागंल तर वरून घ्या की." आज मी एकटीचा स्वयंपाक करते आणि तिखट चांगलं घालते, तरी त्या फिक्या आमटीची चव मला अजून परकी वाटत नाही.

मुंबईच्या कॉलेजात वास्तुकलेच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. तिथेही माझी जागा मधल्या खोलीसारखीच, खिडकीजवळचं शेवटचं टेबल. आम्हाला शेवटच्या वर्षासाठी एक काम दिलं होतं: आपापल्या मुलखातली एक सार्वजनिक इमारत निवडायची, तिचा आराखडा करायचा आणि जमेल तर त्यातला एखादा तुकडा प्रत्यक्ष बांधून पाहायचा. वर्गातल्या मुलांनी टाऊन हॉल घेतले, स्टेशनं घेतली, एकानं नाट्यगृह घेतलं. मला काही सुचत नव्हतं. सुट्टीत दादा कामं पाहायला निघाले की मीही गाडीत बसू लागले. त्यांना सोबत म्हणून नव्हे, मला घरात काही काम नव्हतं म्हणून.

असे आम्ही एका बाजाराच्या दिवशी वडवणीला गेलो. दादा दवाखान्याच्या छपराची दुरुस्ती बघत होते आणि मी आवाराबाहेर गाडीत बसून होते. दवाखाना लहान, पुढे एक ओसरी. ओसरीवर पुरुष बसलेले. बायका मागच्या भिंतीच्या सावलीला, जमिनीवर, मांडीवर पोरं घेऊन. बाजाराला बैलगाडी येतेच, तर त्याच खेपेत आजारी माणूसही आणायचं, अशी तिकडची रीत. म्हणून त्या दिवशी गर्दी फार. ऊन चढत गेलं तशी सावली आखडत गेली आणि बायका भिंतीकडे सरकत गेल्या. दुपारी तर त्या पाठी टेकून, पाय पोटाशी घेऊन उभ्या रेघेसारख्या बसल्या होत्या. पुढे ओसरीवर जागा मोकळी झाली होती, पण तिथे सासरे, दीर, गावचे कुणी बसलेले असताना एकही बाई तिकडे फिरकली नाही. मी कागद काढला आणि त्या सावलीची चित्रं काढत बसले. दर वेळी सावलीची कड आणि त्या कडेच्या आतले पाय. जायच्या वेळी दादांनी कागद पाहिला, म्हणाले, "इमारत कुठे आहे यात?" मी म्हटलं, "इमारत नाही, म्हणून तर." एवढं लांब उत्तर मी त्यांना क्वचितच दिलं असेल.

माझा आराखडा साधा होता. दवाखान्याच्या मागच्या अंगाला बायकांसाठी बसायच्या जागा, एकाला एक लागून लहान चौकोनी खण, वेगळी वाट, बसायला बाकं नाहीत, गार जमीन आणि टेकायला भिंत. अडचण छपराची. महायुद्ध चालू होतं. लोखंड मिळत नव्हतं, सिमेंट मिळत नव्हतं, आणि आमच्याकडच्या मातीच्या सपाट माळवदांना लागतं तसं सागवान तर सोन्यासारखं झालं होतं. म्हणून मी लाकूड-लोखंड काहीच न लागणारं छप्पर काढलं, विटांचा पातळ घुमट. घुमट बांधताना त्याला खालून आधार लागतो, तोही लाकडाचा. त्यावर मी असं ठरवलं की चार भिंती उभ्या करून खोली मातीनं भरून टाकायची, वर मातीलाच घुमटाचा आकार द्यायचा, त्यावर चुन्यात विटा बसवायच्या, चुना वाळू द्यायचा आणि मग दारातून माती उकरून काढायची. माती निघाली आणि घुमट राहिला, तर खोली झाली.

दादांनी आकडेमोड तपासली. जेवताना म्हणाले, "औरंगाबादचे बडे साहेब उन्हाळ्याच्या शेवटी दौऱ्यावर येणार आहेत. एक खण बांधून ठेव. साहेब येतील तेव्हा आत माणूस उभा राहू शकला, तर मी बाकीचे खण मंजुरीला टाकीन. नाहीतर ते तुझ्या कॉलेजचं चित्र म्हणून राहू दे." त्यांनी हे आमटी भुरकत, अगदी सहज सांगितलं. कुणीतरी माझं काढलेलं खरंच बांधेल अशी शक्यता तोवर माझ्या आयुष्यात आली नव्हती.

काम इस्माईल मिस्त्रींनी केलं. ते दादांच्या हाताखाली वर्षानुवर्षं होते, मला लहानपणापासून बेटी म्हणायचे आणि माझ्याशी बोलताना नेहमी आभाळाकडे बघायचे. आराखडा पाहून त्यांनी दाढी खाजवली. "बेटी, आधी भरायचं, मग उकरायचं. दोनदा मजुरी करून घेताय बगा गरिबाकडून." पण काम त्यांनी मन लावून केलं. शेवटची वीट बसली, वरून चुन्याचा गिलावा झाला, दोन्ही दारांची भगदाडंही मातीनं लिंपून बंद केली. दुरून पाहिलं की बसक्या भिंती दिसायच्याच नाहीत, दिसायचा तो जमिनीतून वर आलेला एक गोल, पांढरा फुगवटा.

शेवटची वीट बसणार त्या दिवशी आत्याही आली होती. वास्तू कुठलीही असो, ती पुरी झाली की तिचा मान करायचा, हे तिच्या हिशेबात शाळेचं छप्पर असो की गोठ्याचं, सारखंच. तिनं घरून चोळीचा हिरवा खण, नारळ, हळदकुंकू आणि ओंजळभर गहू आणले होते. त्या फुगवट्यापुढे तिनं ओटी मांडली, कुंकू लावलं आणि मला म्हणाली, "नमस्कार कर. तुझं पहिलं हाय." मी केला. मग चुना वाळायला सोडून आम्ही बीडला परतलो. मी मधल्या खोलीत बसून बाकीची चित्रं पुरी करू लागले. ते दिवस माझ्या तरुणपणातले सगळ्यात बरे होते असं आता वाटतं. बोलायला कुणी नव्हतंच, पण वाट बघायला काहीतरी होतं.

माती काढायची वेळ आली त्या सुमारास इस्माईल मिस्त्री पुढच्या ओसरीवर येऊन उभे राहिले. या खेपेला ते आभाळाकडे नाही, जमिनीकडे बघत होते. "साहेब, मी न्हाई उकरत. मजूर बी न्हाई म्हनत्यात." दादांनी कारण विचारलं. "तितं देवी झाली."

हळूहळू सगळं कळलं. आमच्या मागून जो बाजार भरला, त्या दिवशी बायका नेहमीप्रमाणे मागच्या अंगाला आल्या. तिथे पोटासारखं गोल काहीतरी जमिनीतून वर आलेलं, त्याला कुंकू, पुढे खण आणि नारळ. पोटुशी बाईची ओटी भरावी तशी भरलेली. त्यांना आणखी काय वाटणार? एकीनं मांडीवरचं तापलेलं पोर त्याच्या सावलीत निजवलं आणि संध्याकाळपर्यंत त्याचा ताप उतरला. औषध डॉक्टरांनीच दिलेलं होतं, पण नाव पोटुशीचं झालं. पुढच्या बाजाराला हिरव्या बांगड्या आल्या. मुसलमान बायकांनी ऊद लावला. त्यांनी तिला माँसाहेब म्हटलं. आता पोटुशीच्या पोटाला फावडं लावायचं म्हणजे गावातली एकही गर्भार बाई सुखरूप सुटणार नाही, असं सगळ्यांचं ठरलं होतं.

दादा हसले नाहीत. ते मला म्हणाले, "दोन शिपाई पाठवले तर तासाभरात माती निघेल. पण मग तिथे कोण बसेल, सांग." ते उठले. "साहेब परवा येतायत. मला त्यांना आणायला जावं लागेल. तू आणि आत्या जा, बघा काय होतं." ते गेल्यावर मी आत्याकडे पाहिलं. ती चुलीतली लाकडं मागे ओढत होती. "मला कावून बघतीस? ओटी मी भरली, देवी त्यांनी केली."

रात्री बैलगाडीनं निघून वडवणीला आम्ही सकाळी पोचलो. पोटुशीच्या बंद दारापुढे पाचसात बायका बसून होत्या. मधोमध कौसाबाई. ती गावची सुईण. अंगानं आडवी, कपाळावर रुपयाएवढं गोंदण. तिच्या हातावर अर्धं वडवणी जन्मलेलं, म्हणून तिच्यापुढे पाटीलसुद्धा आवाज चढवत नसत असं मिस्त्रींनी वाटेत सांगितलं होतं. मी गाडीतून उतरले आणि रात्रभर मनात लिहून काढलेलं बोलले. ही बायकांना बसण्यासाठी बांधलेली जागा आहे, आतली माती हा केवळ तात्पुरता आधार आहे, ती काढणं आवश्यक आहे. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

कौसाबाईनं शेजारणीला विचारलं, "काय म्हनती?"

"आवश्यक हाय म्हनती."

"कुनाला?" मग माझ्याकडे वळून, "बाई, तुमी कोन?"

"इंजिनिअरसाहेबांची मुलगी."

"लेकरू हाय का तुमाला?"

"नाही."

"लगीन?"

"नाही."

"मंग पोटुशीचं तुमाला काय ठावं? साहेबाला सांगा, सडका उकरा, हिरी उकरा. हितं हात लावायचा न्हाई." बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या. मिस्त्री माझ्यामागे आवारातल्या कडुलिंबाकडे बघत उभे होते. मला वाटलं, आता गाडीत बसावं आणि परत जावं, आणि दादांनी म्हटलं तसं ते कॉलेजचं चित्र म्हणून राहू द्यावं. एरवी मी तेच केलं असतं.

आत्या गाडीतून उतरायला वेळ लावत होती. उतरली, लुगडं झटकलं आणि सरळ कौसाबाईपुढे मांडी घालून बसली. "ही ओटी मी भरली," ती म्हणाली. "खण माझा, नारळ माझा."

कौसाबाईनं तिला नीट पाहून घेतलं. "कावून भरली?"

"दिवस भरत आले म्हणून. अन् तुमी सुईण म्हणवता. किती दिस झाले तिला असं बसवून? उन्हात, दारं लिंपून. अडलेल्या बाईला असंच ठेवता का तुमी?"

कौसाबाईनं मान वळवून त्या फुगवट्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते भक्तीचं नव्हतं. ते एखाद्या कसबी माणसाला आपल्या कामातली दिरंगाई दाखवून दिल्यावर येतं तसं होतं. आत्या हे सगळं युक्ती म्हणून बोलली की तिलाही तसंच वाटत होतं, हे मी पुढे कितीदा विचारायचं ठरवलं आणि विचारलं नाही. आता ती नाही.

कौसाबाई उठली. पदर खोचला. "गडीमानसं भाईर," ती म्हणाली. "ए मिस्त्री, तुला बी सांगते. बाळंतपनात तुजं काय काम? फावडी हितं टाक, अन् लिंबाखाली तोंड फिरवून बस." मिस्त्री मुकाट्यानं गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. मजूर तर आवाराबाहेरच पळाले. आणि मग बायकांनी फावडी उचलली.

त्या वेळी मला भीती वाटली ती दुसरीच. माती एका बाजूनं जास्त निघाली तर घुमटाचा भार तिरका पडून तो खाली येणार, आणि आता आत मजूर नव्हते, या बायका होत्या. माती निघायला हवी ती दोन्ही दारांतून, सारखीच, आणि आधी कडेची, मधला ढीग शेवटी. लिंबाखालून मिस्त्री पाठमोरे ओरडले, "दोनीकून बरोबर काडा, बेटी, सांगा त्यास्नी!" त्यांना कोण ऐकणार? मी आधी हळू सांगितलं. कुणी ऐकलं नाही. मग कडेची माती निघताच मी घुमटाखाली शिरले, दोन्ही दारं दिसतील अशी मधल्या ढिगाला लागून उभी राहिले आणि ओरडू लागले. "तुम्ही थांबा. तिकडच्या, चला. बास. आता इकडच्या." मनात लिहायला वेळ नव्हता. कुठली क्रियापदं माझ्या तोंडून येत होती कोण जाणे. एकदा तर मी "ताई, थांब की गं" असं कुणाला तरी म्हणाले, अगदी आत्याच्या चालीवर. घमेली हातोहात बाहेर जात होती. माती ओलसर, गार होती, तिला विहिरीच्या आतला वास होता. बायका माती काढतानाच एकमेकींना जोर करायला सांगत होत्या, बाळंतिणीला सांगतात तसा.

मधला ढीग कमी होत आला तेव्हा वरची माती आपणहून सुटली आणि धप्पकन खाली आली. चुन्याचे दोनचार पोपडे माझ्या डोक्यावर पडले. सगळ्या बाहेर पळाल्या. मी पळाले नाही, ते धाडस म्हणून नव्हे. माझे पाय घोट्यापर्यंत गाडले गेले होते. धूळ बसेपर्यंत मी वर बघत राहिले. विटा दिसू लागल्या, एकामागून एक फेर, शेवटच्या विटेपर्यंत. एकही हलली नव्हती. मी काढलेल्या रेघा आणि त्यांच्याखाली मी. कॉलेजात आम्ही दिवसभर जागा, पोकळी असे शब्द वापरायचो. ती अशी डोक्यावर येऊन उभी राहते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कौसाबाई दारातून वाकून आली. इकडे तिकडे बघितलं. "काई बी न्हाई की आत," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "बसायला आहे."

तिनं भिंतीला हात लावून पाहिला, मग गालाला लावला. "गार हाय," ती बाहेरच्यांना म्हणाली, आणि त्या एकेक करून आत आल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. बडे साहेब आले, आत उभे राहिले, काठीनं विटा ठोकून पाहिल्या, दादांची पाठ थोपटली. बाकीचे खण मंजुरीला गेले. पण मंजुरी हैदराबादेत असताना युद्ध संपलं, मग रझाकारांची गडबड, मग पोलीस ॲक्शन. निजामाचं राज्य गेलं, त्याची तामीरात गेली आणि तो कागदही कुठेतरी गेला. मुंबईच्या परीक्षकांनी मला विचारलं की वेटिंग हॉलमध्ये बाकं का नाहीत. मी पुढे सरकारी नोकरीत पुष्कळ इमारती काढल्या, त्यांत बाकं होती. परवा कुणाच्या तरी मोटारीतून बीडला जाणं झालं. मांजरसुंब्याला जेवायला थांबलो तेव्हा मी वडवणीचा रस्ता कुठला ते विचारलं, तशी ड्रायव्हरनं विचारलं, आजी, वडवणीला कुणी आहे का तुमचं. मी नाही म्हटलं.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. काम संपलं तेव्हा दुपार उलटली होती. बायकांनी काढलेल्या मातीतली चिमूटचिमूट पदराला बांधून घेतली, घरातल्या पोरांच्या कपाळाला लावायला, आणि आपापल्या वाटेनं गेल्या. जाताना कुणी मला काही म्हटलं नाही; मी त्यांच्या लेखी साहेबाची मुलगी होते ती होतेच. आत्या डॉक्टरांच्या घरी पाणी प्यायला गेली. मिस्त्री बैल सोडून आणायला गेले. मी घुमटाखाली भिंतीला टेकून बसले. एवढं मोठं काही पार पडल्यावर ते कुणाला सांगावं याचा मी विचार करत होते, आणि नाव सुचत नव्हतं. माझं अंग मातीनं भरलेलं होतं.

तेवढ्यात कौसाबाई परत आली. हातात तेलाची पणती. ती तिनं कोनाड्यासारखी खोबण बघून ठेवली, पेटवली, आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली.

"गाडी जुपली न्हाई अजून?"

"नाही. तुम्ही घरी नाही गेलात?"

"जाते की. बाळंतिनीला एकटं सोडीत न्हाईत."

ती खाली बसायला लागली. गुडघे दुखत असावेत, भिंत धरून बसत होती. मी थोडी सरकले आणि तिला टेकायला जागा करून दिली.